चौदा मांजरं, एक नोटीस आणि तळमजल्यावरचे काका

पत्र

स.न.वि.वि. मी डोंबिवलीला दोन विंगच्या सोसायटीत राहते. वय एकसष्ट. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हॉटेलं, मासळी बाजार सगळं बंद पडलं, तेव्हा आमच्या पार्किंगमध्ये एक कबरी मांजरी, तिची लेक आणि एक पिवळा बोका उपाशी हिंडत होते. मला बघवेना, म्हणून दूध-पोळी घालायला लागले. आम्ही शाकाहारी, त्यामुळे घरात मासे येत नाहीत. हल्ली मुलगा कुत्र्यांच्या खाण्याची मोठी पिशवी आणतो, ती स्वस्त पडते. तीनाची आता चौदा झाली आहेत.

तळमजल्यावरच्या काकांचं म्हणणं, स्कूटरच्या सीटा फाडतात, डक्टमधून वास येतो, रात्रभर रडतात. गेल्या महिन्यात बी विंगमधल्या सहा वर्षांच्या मुलाला ओरखडा आला. झालं, कमिटीची नोटीस आली: खाणं घालणं थांबवा, नाहीतर दरमहा पाचशे रुपये दंड. एक मेंबर तर तोंडावर म्हणाले, पोत्यात भरून खाडीपलीकडे सोडून येतो. तेव्हापासून मी रात्री अकरानंतर गुपचूप खाली जाते आणि वर्तमानपत्रावर खाणं ठेवून येते. त्यात सुनेला चौथा महिना लागलाय. विहीणबाईंनी बजावलंय, मांजरांना शिवलेल्या हाताने घरात वावरायचं नाही. मुलगा म्हणतो, बंद कर सगळं. बंद केलं तर ती मरतील हो. यांच्यासाठी कुठे आश्रम असतो का? की सगळ्यांना घरातच घेऊ?

– एक मांजरवेडी, डोंबिवली


उत्तर

ताई, नमस्कार.

आधी तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण घरात रोज तोच वाद होत असणार. खाणं बंद करू नका. मात्र रात्री अकराचं वर्तमानपत्र आजपासून बंद. खाणं घालायचं ते उजेडी, सगळ्यांच्या देखत आणि ठरल्या जागी. आणि त्या खाण्याच्या जोरावर एकेक मांजर पकडून तिची नसबंदी करून घ्यायची. माझा सल्ला एवढाच आहे. बाकीचं सगळं हे कसं जमवायचं त्याबद्दल.

आता थोडं कडू बोलते. तीनाची चौदा झाली हे तुम्ही कौतुकाने लिहिलंय. जरा हिशोब मांडू. मांजरी चार-सहा महिन्यांची झाली की माजावर येते. दोन महिने पोटात पिल्लं वागवते, आणि अंगावर पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. थंड देशांत हिवाळ्यात त्यांचा माज थांबतो. आपल्याकडे हिवाळ्यातही दिवस फार लहान होत नाही, त्यामुळे तसा मोठा खंड पडत नाही. वर्षाला दोन वेत आणि वेताला चार पिल्लं, असा बेताचा आकडा धरला तरी तुमच्या कबरीला आणि तिच्या लेकीला मिळून पाच वर्षांत ऐंशी पिल्लं व्हायला हवीत. त्यांच्या लेकी-नातींची तर यात धरलेलीच नाहीत. आज खाली चौदा आहेत. उरलेली कुठे गेली? गाडीखाली, पावसात, बोक्याच्या तोंडी, आणि बरीचशी उलट्या-जुलाबाच्या त्या साथीत, जिच्यात अख्खं वेत दोन-तीन दिवसांत संपतं. तुम्ही त्यांतली कित्येक पाहिलीही असतील. पत्रात मात्र त्यांचा उल्लेख नाही. नसबंदी म्हणजे देवाच्या कामात ढवळाढवळ, असं मला बरेच वाचक लिहितात. त्यांनी एकदा जूनमध्ये पंप रूमच्या मागे डोकावून यावं.

खाणं बंद केलं की मांजरं निघून जातील, या कमिटीच्या समजुतीलाही अर्थ नाही. भुकेली मांजरं कचऱ्याच्या पिशव्या फाडतात, खिडकीतून स्वयंपाकघरात शिरतात, दोन-तीन सोसायट्यांत पांगतात आणि कुणाच्या हाताला लागत नाहीत. पिल्लं व्हायची थांबत नाहीत, फक्त लवकर मरतात. आज तुमच्या आवाजावर चौदाच्या चौदा एका जागी गोळा होतात. पालिकेच्या किंवा संस्थेच्या माणसाला यापेक्षा मोठी मदत कुठली हवी?

आता काका. तुमच्या पत्रात ते खलनायक झालेत, पण त्यांची एकही तक्रार मला खोटी वाटली नाही. रात्रीचं रडणं म्हणजे माजावर आलेली मांजरी आणि तिच्यावरून भांडणारे बोके. डक्टमधला वास म्हणजे बोका शेपटी ताठ करून, मागचे पाय थरथरवत भिंतीवर जी पिचकारी मारतो, ती. तुम्ही तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असाल तर तुमच्यापर्यंत यातलं निम्मंही पोचत नसेल. त्यांची न्हाणीघराची खिडकी त्या डक्टला लागून आहे. बोक्यांची आणि मांजरींची नसबंदी झाली की हे दोन्ही त्रास काही आठवड्यांत बरेच कमी होतात. एखादा जुना खोड बोका सवयीने पिचकाऱ्या मारत राहतो, पण त्या वासाचा उग्रपणा जातो.

तोवर डक्ट धुवायचा आहे, पण फिनाईलने नाही. हे जरा ठासून सांगते, कारण आपल्याकडे वास आला की पहिला हात काळ्या फिनाईलच्या बाटलीकडे जातो. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट निचरून टाकता येत नाहीत. ओल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटतं आणि ते विष पोटात जातं. डांबराच्या गोळ्यांचंही तेच. अमोनियाचे क्लीनरही नकोत, कारण त्यांचा वास लघवीसारखाच येतो आणि बोका त्यावर पुन्हा आपली खूण करतो. साबणाच्या पाण्याने घासायचं, वाळलं की पाणी घातलेल्या व्हिनेगरचा हात फिरवायचा. पहिल्यांदा हे तुम्ही स्वतः करा, किंवा पैसे देऊन करून घ्या, आणि काकांना कळेल असं करा.

सीटचं दुखणं वेगळं. रेक्झिनची तापलेली सीट मांजराला बसायला आवडते आणि नख्या घासायलाही. काकांच्या स्कूटरला जाड सीटकव्हर स्वखर्चाने आणून द्या. ताई, चारशे-पाचशे रुपयांत एवढी शांतता दुसरीकडे मिळत नाही. शिवाय मांजरं झोपतात तिथे एक ओंडका किंवा जुना लाकडी खांब आडवा-उभा ठेवून त्याला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा. मांजर झोपून उठलं की आधी अंग ताणतं आणि नख्या रोवतं, म्हणून तो तिथेच हवा. बागेतल्या वाफ्यांत घाण करतात असंही कुणी म्हणेलच. पंप रूममागे एका पसरट घमेल्यात वाळू ठेवा आणि रोज उपसा. रोज उपसणार नसाल तर ठेवूच नका. वाफ्यांवर नारळाच्या करवंट्या पालथ्या मांडल्या की उकरायला मोकळी माती उरत नाही.

आता खाण्याकडे येते. दूध बंद. मांजर दूध आवडीने पितं हे खरं, पण बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. पार्किंगमधले जुलाब, ज्यावरून तुम्ही बोलणी खाता, त्यांतले बरेचसे तुमच्याच वाटीतले आहेत. पोळीने पोट भरतं, पोषण होत नाही. आणि कुत्र्यांचं खाणं स्वस्त पडतं म्हणून चौदा मांजरांना वर्षानुवर्षं घालणं हे तर आजच थांबवा. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं. ते मांस-मासळीत असतं. कुत्र्याचं शरीर ते स्वतः बनवतं, त्यामुळे कुत्र्यांच्या खाण्यात ते पुरेसं असेलच असं नाही. ते कमी पडलं तर काही महिन्यांत मांजराचं हृदय फुगून कमजोर होतं आणि डोळ्यांचा पडदा झिजून ते आंधळं होऊ शकतं.

तुमच्या घरी मासे येत नाहीत, हे मला समजतं. त्यासाठी धर्म बुडवायची गरज नाही. मांजरांसाठीचं कोरडं खाणं पाकिटात मिळतं, ते शिजवावं लागत नाही, तुमच्या भांड्यांना लागत नाही. मोठ्या मांजराला दिवसाला साधारण पन्नास-साठ ग्रॅम पुरतं. चौदांचं महिन्याला बावीस-तेवीस किलो होतं आणि तो खर्च एकटीने पेलू नका. तुमच्या सोसायटीत मांजरांकडे बघून हसणारी दोन-चार घरं नक्की असतील, त्यांच्याकडे महिन्याची वर्गणी मागा. एखाद्या मासे खाणाऱ्या घराने कोळणीकडून मुंड्या-शेपट्या आणून बिनमिठाच्या उकडून दिल्या तर फारच छान, फक्त कांदा-लसूण घातलेलं उरलंसुरलं कालवण नको. कांदा-लसणाने मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजलेली हाडंही नकोत, मुंड्या-शेपट्यांतले काटेही काढून घ्या.

सकाळी शाळेच्या बसेस यायच्या आधी आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर, अशा दोन वेळा धरा. स्टीलच्या थाळ्या ठेवा, समोर उभ्या राहा, अर्ध्या तासात थाळ्या उचला, जागा पुसा. मुंग्यांसाठी थाळी पाण्याच्या परातीत ठेवायची, हे तुम्हाला मी सांगायला नको. रात्रभर पडलेल्या खाण्यावर उंदीर-घुशी येतात, आणि मांजरं आहेत तर घुशी कशा, असं कमिटी विचारते. मांजर लहान उंदीर पकडतं, पण भल्यामोठ्या घुशीच्या वाटेला ते सहसा जात नाही. म्हणूनच सोसायटी उंदरांचं विष टाकायचं ठरवेल तेव्हा तुम्हाला आधी कळलं पाहिजे. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला की तेही जातं.

नसबंदीचं सांगते. एक वही घ्या. प्रत्येकीचा मोबाईलवर फोटो काढा आणि पुढे लिहा: रंग, नर की मादी, पोट मोठं आहे का, अंगावर पिणारी पिल्लं आहेत का, माणसाजवळ येते का. तिरंगी कबरी दिसली तर डोळे मिटून मादी लिहा, नर निघणं फारच दुर्मीळ. पिवळा बहुतेकदा बोका असतो, पण तिथे खात्री करून घ्या. सुरुवात माद्यांपासून करायची. बोके आधी उरकले आणि एक जरी शाबूत बोका शेजारच्या सोसायटीतून आला, तरी सगळ्या माद्या पुन्हा गाभण.

महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात लेखी अर्ज द्या. कुत्र्यांसाठी गाडी येते, मांजरांचं नाव काढलं की फोन इकडून तिकडे फिरतो, हा बऱ्याच शहरांतला अनुभव आहे. मुंबईत महापालिकेने प्राणिसंस्थांना हाताशी धरून मांजरांची नसबंदी सुरू केली, त्यामुळे मागणीच गैर आहे असं कुणी म्हणू शकणार नाही. अर्जाची पोच घ्या आणि त्याच वेळी संस्था शोधा. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलापासून कल्याण-ठाण्याच्या लहान संस्थांपर्यंत चौकशी करा. खासगी दवाखान्यात एका मांजराला काही हजार लागतात, पण ‘रस्त्यावरची आहे, चौदा आहेत, दर महिन्याला दोन आणीन’ असं सांगितलं तर बरेच डॉक्टर दर कमी करतात. ठरवण्याआधी त्यांना विचारा: ऑपरेशननंतर किती दिवस ठेवणार, त्याच वेळी रेबीजची लस देणार का, आणि कानाचं टोक कापणार का. कान कापायचा म्हटल्यावर तुमच्या पोटात गोळा येईल. भुलीत असतानाच टोकाचा साधारण एक सेंटिमीटर सरळ कापतात, मांजराला त्याचा पत्ताही लागत नाही. पुढे अंधारातही लांबून कळतं की हिचं झालंय, आणि तिचं पोट पुन्हा फाडायची वेळ येत नाही.

पकडायला मागे दार असलेला पिंजरा लागतो. आतल्या फळीवर पाय पडला की दार पडतं. संस्थेकडून तो आठवडाभर आधी आणा, दार बांधून उघडंच ठेवा आणि रोजची थाळी त्यातच ठेवा. पहिल्या दिवशी सगळ्या लांबून बघतील, मग एखादी मान लांब करून, मागचे पाय बाहेरच ठेवून खाईल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पूर्ण आत जायला लागतात. ऑपरेशनच्या आदल्या रात्री खाणं बंद. हे वॉचमनला आणि ए विंगमध्ये चोरून बिस्किटं घालणारं जे कुणी असेल त्यांना नक्की सांगा, नाहीतर भरल्या पोटी भूल द्यायची नाही म्हणून डॉक्टर परत पाठवतील. सकाळी दार सोडायचं, आत नुसत्या वासापुरता बांगड्याचा छोटासा तुकडा. दार पडलं की मांजर धडका मारतं, बघवत नाही. लगेच जुनी चादर टाकून पिंजरा पूर्ण झाका, अंधार झाला की ती गप्प बसते. काही झालं तरी पिंजऱ्यात हात घालू नका, अगदी तुमच्या मांडीवर बसणारी असली तरी.

पाजणारी मांजरी असेल तर पिल्लं दीड-दोन महिन्यांची होईतो थांबा, आणि मग एक दिवसही दवडू नका. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. सात असोत की चार, सारखं कुणी बघायला आलं की ती जागा बदलते. म्हणून पिल्लं सापडली तरी हात लावायचा नाही, लांबून खाणं-पाणी ठेवायचं. दोन महिन्यांची, माणसाळलेली पिल्लं दत्तक देता येतात, देताना लस आणि पुढच्या नसबंदीचं वचन घ्या. चौदांपैकी एखाद-दुसरं मोठं मांजर पायात पायात येत असेल तर ते बहुधा सोसायटी सोडून गेलेल्या भाडेकरूचं आहे. त्यालाही घर मिळू शकेल. बाकीच्यांना घर नको असतं, त्यांना पंप रूमच हवी असते.

यातच तुमच्या आश्रमाच्या प्रश्नाचं उत्तर आलं. चौदा जंगली स्वभावाची मांजरं घेणारी चांगली जागा मला तरी माहीत नाही, आणि जी जागा एका फोनवर ‘आणून सोडा’ म्हणते तिथे आधी स्वतः जाऊन बघा. घरात घेण्याचा विचार तर मनातून काढून टाका. पुण्यात हडपसरला २०२५ च्या फेब्रुवारीत एका फ्लॅटमध्ये तीनशेच्या वर मांजरं ठेवल्याची तक्रार झाली आणि प्रकरण महापालिकेच्या नोटिशीपर्यंत गेलं. कुणीही तीनशे मांजरं पाळायची ठरवून सुरुवात करत नाही. सगळे दोन-तीनपासूनच सुरू करतात, तुमच्यासारखे.

खाडीपलीकडे सोडणाऱ्या मेंबरांना शांतपणे दोन गोष्टी सांगा. मांजर जागेला बांधलेलं असतं. अनोळखी जागी सोडलं तर ते खाणं शोधण्याआधी तिथल्या बोक्यांचा मार खातं. इथली जागा मोकळी झाली की आडोसा आणि कचरा आहेच, बाजूच्या नव्या मांजरी येतील, त्याही नसबंदी न झालेल्या. दुसरी गोष्ट कायद्याची. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा जनावराला भुकेने-तहानेने हाल होतील असं टाकून देणं गुन्हा मानतो. त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड अजून दहा ते पन्नास रुपये आहे, हे मात्र त्यांना सांगू नका. जनावराला विष घालणं किंवा ठार मारणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, ते जरूर सांगा.

नोटिशीला लेखी उत्तर द्या आणि ते भांडखोर नको. दंड कुठल्या उपविधीखाली आणि सर्वसाधारण सभेच्या कुठल्या ठरावाने लावला, एवढं विचारा. पुढे लिहा की २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत आवारातल्या प्राण्यांना खाणं घालण्याची सोय लावणं हे रहिवाशांच्या संघटनेचं काम म्हटलं आहे. मुलांची खेळायची जागा, जिने आणि येण्या-जाण्याचे दरवाजे टाळून खाण्याची जागा आणि वेळ दोन्ही बाजूंनी मिळून ठरवायची आहे. खाणं घालणाऱ्यानेही जागा स्वच्छ ठेवायची आहे. हे नियम मुख्यतः कुत्री डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेत, पण वाद मिटवायची रीत त्यांत दिली आहे. एकमत झालंच नाही तर पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस आणि प्राणिसंस्थेचे प्रतिनिधी असलेली समिती बसवून खाण्याची जागा ठरवता येते. सभेत कुणीतरी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश मोबाईलवर दाखवेल. २२ ऑगस्ट २०२५ चा तो आदेश भटक्या कुत्र्यांबद्दलचा आहे, आणि त्यातही रस्त्यावर कुठेही खाणं घालायला मनाई करताना ठरवून दिलेल्या जागांची सोय करायला सांगितलं आहे. म्हणजे जे तुम्ही मागताय तेच.

पण सभेला कायद्याचे कागद घेऊन जाण्याआधी ती वही आणि कान कापलेल्या दोन मांजरींचे फोटो घेऊन जा. कमिटीत बसलेली माणसं तुमच्यासारखीच मेंटेनन्स भरून दमलेली असतात. ‘सहा महिन्यांत सगळ्या माद्यांची नसबंदी, सोसायटीचा एक पैसा नको, मला पंप रूममागची जागा द्या’ असं कुणी म्हटलं तर नाही म्हणायला त्यांनाही कारण शोधावं लागेल. ठराव इतिवृत्तात लिहून घ्यायला विसरू नका, पुढच्या वर्षी सेक्रेटरी बदलतो.

त्या मुलाच्या ओरखड्याचं तुम्ही एका ओळीत उरकलंत, ते मला आवडलं नाही. त्याच्या घरी गेलात का? नसाल तर आज जा आणि लस घेतली का ते विचारा. मांजराने चावलं किंवा रक्त येईल असं ओरबाडलं तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. हळद, चुना काही लावायचं नाही. त्याला महिना झाला असला तरी डॉक्टरांना विचारायला उशीर झाला असं समजू नका. रेबीज कुत्र्यांचाच असतो असं नाही. तुमच्या सगळ्या मांजरांना नसबंदीबरोबर ती लस मिळाली आणि त्याचा कागद नोटीस बोर्डावर लागला, तर निम्मी भीती तिथेच ओसरेल. मुलांना सांगा, लांबून बघा, उचलू नका, खाताना जवळ जाऊ नका.

सुनेबद्दल. विहीणबाई अगदीच चुकीचं सांगत नाहीत. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून पसरतो, आणि गरोदरपणात त्याची पहिल्यांदा लागण झाली तर बाळाला धोका असतो. पण मांजराच्या अंगावरून हात फिरवून तो सहसा होत नाही. मांजर तो बहुधा आयुष्यात एकदाच, लागण झाल्यावर दोनेक आठवडे बाहेर टाकतं, आणि पडलेली विष्ठा संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो. पुढे मातीत मात्र तो महिनोन्महिने टिकतो. म्हणून वाळूचं घमेलं सुनेने साफ करायचं नाही, कुंड्यांत हात घालायचा तर मोजे घालून, आणि पालेभाजी-कोथिंबीर नीट धुवून. हे शेवटचं तर मांजर नसलेल्या घरांनाही लागू आहे. तुमच्या बाजूने, खालून आलात की साबणाने हात, चपला दाराबाहेर, आणि खाली वाकून काम करायचा एक गाऊन वेगळा. सुनेच्या डॉक्टरना हे सगळं मोकळेपणाने सांगा, त्यांना वाटलं तर रक्ताची तपासणी करतील. विहीणबाईंशी वाद घालू नका. ‘तुम्ही म्हणालात म्हणून गाऊन वेगळा ठेवलाय’ म्हणा.

मांजर आजारी दिसलं तर घरातली औषधं देऊ नका. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडांची पावडर आणि थेंबही नाहीत, त्यांतल्या काहींत परमेथ्रिन असतं आणि ते मांजरांना सोसत नाही.

राहता राहिलं, सुनेचं बाळंतपण आलं की तुमचं खाली जाणं अवघड होणार. आत्तापासूनच दुसरा माणूस तयार करा. वॉचमनदादा असतील तर त्यांना महिन्याचे पैसे ठरवून द्या, मोजाचं भांडं द्या आणि थाळ्या उचलायच्या हे त्यांच्यासमोर दोन दिवस करून दाखवा. काकांच्या घरात कुणी कॉलेजचं मूल असेल तर त्यालाही विचारून बघा, अशी मुलं बरेचदा आधीच खिडकीतून काहीतरी टाकत असतात. पहिला पिंजरा कबरीसाठीच लावा. ती सगळ्यांत वयस्क आहे, तुमच्या आवाजावर येते, आणि तिच्या पोटाकडे बघून डॉक्टर लगेच सांगतील की थांबायचं की आत्ताच उरकायचं.